गणिताची उघडी दारे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या बाजूने चढू लागले म्हणजे वाटेतच खडकातून कोरून काढलेले एक लहानसे मंदिर लागते. चतुर्भुज मंदिर या नावाने ते ओळखले जाते. प्रतिहार राजा भोज याच्या कारकिर्दीत अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. तेथील एका शिलालेखात विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, हे वर्ष कोरलेले आहे. मंदिरास दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात असल्याचे, तसेच दररोज फुलांच्या ५० माळा देण्याची व्यवस्था केल्याचे त्यात नमूद आहे. यांतील २७० आणि ५० या आकड्यांच्या अखेरीस जे चिमुकले वर्तुळ आहे, ते पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतून विद्वान येत असतात. ते वर्तुळ म्हणजे शून्य होय. कंबोडियात याहूनही जुना, सन ६८३ चा, शून्य असलेला लेख सापडला आहे. तथापि भारतात दगडावर कोरलेल्या व ज्यांच्या काळाविषयी शंका नाही अशा प्राचीन शून्यांत ग्वाल्हेरच्या या शून्याचे स्थान फार वरचे आहे.

मुरारपासून हा किल्ला दूर नाही. ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार ही तीन गावे मिळूनच आजचे शहर बनले आहे. शिंद्यांच्या फौजेबरोबर व दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी येथे पिढ्यान् पिढ्या नांदली. १८५८ नंतर मुरारची छावणी व किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. १८८६ साली झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांस परत मिळाला. एवढा इतिहास उशाशी असताना, त्याच मुरारच्या एखाद्या घरातील आठवीचे मूल गणिताचे पुस्तक उघडताच कावरेबावरे व्हावे, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

आणि हा प्रश्न केवळ मुरारचा नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून खेडोपाडी घरोघर जाऊन ‘असर’ नावाची पाहणी करण्यात येते. २०२४ च्या पाहणीत असे आढळले की, देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने बरोबर भागता आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले भागाकार पक्का न होताच हायस्कूलच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहतात. पुढे बीजगणित येते, त्रैराशिक येते, व्याज येते. पाया कच्चा असल्याने मूल मागे पडते. मग घरात शब्द निघतो, “हिला गणित जमायचे नाही, हिला दुसरे काही शिकवू.” त्या एका वाक्यासरशी परिचारिकेचे, तंत्रज्ञाचे, हिशेबनिसाचे, शिक्षिकेचे अशी किती दारे त्या मुलीसाठी बंद होतात, याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी नसतो.

शिकवणी लावावी तर तिचे शुल्क सर्वांस परवडत नाही. भाऊ शिकवणीला जातो आणि बहीण घरी राहते, असेही पुष्कळ घरांत घडते. अशा कुटुंबांसाठीच आजचे हे चार शब्द आहेत. गणित शिकण्याची कितीतरी चांगली साधने व व्याख्याने आज विनामूल्य मिळू लागली आहेत. ती कोठे आहेत, त्यांचा उपयोग कसा करावा आणि त्यांत कोठे जपावे, हे पाहू या.

कोणकोणती दारे उघडी आहेत?

पहिले दार पाठ्यपुस्तकाचेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एन.सी.ई.आर.टी.ची, सर्व गणिताची पुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आपल्या महाराष्ट्राच्या ‘बालभारती’नेही आपली पुस्तके अशीच खुली ठेवली आहेत. मुरारच्या मराठी घरातील मूल शाळेत हिंदीतून अगर इंग्रजीतून शिकत असले, तरी तोच धडा मराठीतून वाचून आईला समजून घेता येतो. ही सोय लहान नाही.

दुसरे दार ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठाचे. २०१७ च्या सप्टेंबरात ते सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत धड्याजवळ काळ्यापांढऱ्या चौकटींचा जो ठसा छापलेला असतो, त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला की त्या धड्याची चित्रफीत व सरावाची उदाहरणे उघडतात. पुष्कळ घरांत वर्षभर पुस्तक हाताळले जाते, परंतु त्या ठशाचा उपयोग काय, हे कोणासही ठाऊक नसते.

तिसरे दार दूरदर्शनचे. २०२० साली, साथीच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा, ‘पी.एम. ई-विद्या’ या नावाने इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या सुरू करण्यात आल्या. ‘डी.डी. फ्री डिश’ची तबकडी असलेल्या घरात त्या मासिक वर्गणीवाचून दिसतात. ज्या खेड्यात मोबाइलची लहर धड पोहोचत नाही, तेथे या वाहिन्यांचा मोठा आधार आहे.

चौथे दार ‘खान अकॅडमी’चे. सलमान खान नावाच्या अमेरिकेतील एका गृहस्थांनी आपल्या नात्यातील मुलीस दुरून गणित शिकवता शिकवता हे काम उभे केले. मुळाक्षरांसारख्या साध्या बेरजेपासून कॉलेजच्या गणितापर्यंतचे लहान लहान पाठ तेथे आहेत. हिंदीत पुष्कळ आणि मराठीतही बरेच साहित्य आहे, व त्यासाठी काही द्यावे लागत नाही. मूल ज्या पायरीवर अडले असेल तेथून आरंभ करता येतो, हा याचा विशेष गुण होय. आठवीचे मूल पाचवीचा भागाकार शिकत आहे, हे वर्गात कोणासही दिसत नाही. त्यामुळे त्यास लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

पाचवे दार थोड्या मोठ्या मुलांचे आहे. ‘जिओजेब्रा’ या नावाचे एक साधन ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली निर्माण केले. त्यात त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढला की कोनांची मापे बदलताना दिसतात, मात्र तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. फळ्यावर न हलणारी आकृती येथे हलती होते. हे साधन कसे वापरावे, याचे पाठ मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने तयार केले आहेत. कॉलेजातील मुलांसाठी ‘एन.पी.टी.ई.एल.’ व ‘स्वयम्’ यांवर मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. ती ऐकण्यास पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरावे लागते.

मेळावे व व्याख्याने

वरील साधने केव्हाही उघडता येतात. त्यांखेरीज ठरावीक दिवशी व ठरावीक वेळी होणारे मेळावे असतात. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस २२ डिसेंबर हा २०१२ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन; युनेस्कोने तो २०१९ साली जाहीर केला व २०२० पासून जगभर साजरा होऊ लागला. या दोन दिवसांच्या आगेमागे अनेक विद्यापीठे व संस्था विनामूल्य व्याख्याने, कोडी व खेळ योजतात, आणि त्यांतील पुष्कळ कार्यक्रम घरबसल्या पाहता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा लोकांसाठीचा व्याख्यानक्रम २००९ पासून चालू आहे. त्यास प्रवेशमूल्य नसते, आणि ‘हे असे का?’ असा प्रश्न विचारण्याचे धैर्य मुलांस तेथे मिळते.

अशा मेळाव्यास बसण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट वेळ. परदेशातील कार्यक्रमाची वेळ अनेकदा ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. आपले घड्याळ त्याच्यापुढे साडेपाच तास असते. म्हणून तेथील दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हे उदाहरण मुलाकडूनच सोडवून घ्यावे. दुसरी गोष्ट डेटा. तासाभराच्या चित्रसंभाषणात तो बराच खर्च होतो. आपला कॅमेरा बंद ठेवला व चित्राची स्पष्टता कमी केली म्हणजे खर्च आवरतो. तिसरी गोष्ट भाषा. इंग्रजी समजत नसेल तर त्या कार्यक्रमाचे मुद्रण नंतर थांबत थांबत पाहणे अधिक हिताचे.

येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. ‘विनामूल्य’ या शब्दाआड कधी कधी व्यापारही दडलेला असतो. पहिला तास फुकट, मग घरी फोन येतो, मुलाच्या भवितव्याची भीती घातली जाते, आणि हप्त्यांच्या कागदावर वडिलांची सही होते. खऱ्या विनामूल्य कार्यक्रमास बँकेचा क्रमांक लागत नाही, आणि मोबाइलवर आलेला गुप्त आकडा तर कोणासही सांगावयाचा नसतो. जेथे घाई केली जाते, तेथून उठून यावे.

तीन भाषांतील एकच आकडा

मुरारच्या मराठी मुलाची एक अडचण निराळीच आहे. तीन भाषांच्या संगमावर ते उभे असते. घरी आजी म्हणते ‘एकोणनव्वद’, शाळेत गुरुजी म्हणतात ‘नवासी’, आणि मोबाइलवरील बाई म्हणते ‘एटी-नाइन’. आकडा एकच, ८९; पण मराठी नाव नव्वदातून एक वजा करते, हिंदी नाव नऊ आधी सांगून ऐंशी मागून सांगते, आणि इंग्रजी नाव ऐंशी आधी व नऊ नंतर म्हणते. लहान मूल येथे गोंधळले तर ते मंद आहे असे कोणीही समजू नये. त्याच्या डोक्यात तीन बाजार एकदम भरलेले असतात.

२०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ या नावाबरोबर ‘वीस एक’ अशी सोपी मांडणी देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद माजला हे अनेकांस आठवत असेल. त्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणिताच्या विदुषी असून त्यांनी मुलांसाठी मराठीत गणितावर रसाळ लेखन केले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. आपल्या भाषेतील जोडाक्षरे व उलटा क्रम मुलांस अडवितो, म्हणून आरंभी सोपी वाट असावी, असे त्यांचे म्हणणे होते. वादात कोणाची बाजू घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे; पण मूल आकड्याच्या नावाला अडते की आकड्याला, हे आधी ओळखले पाहिजे, एवढा बोध त्यातून प्रत्येक आईने घ्यावा. अडचण नावाची असेल तर कागदावर ८० + ९ लिहून दाखविले की ती क्षणात सुटते.

याउलट जुन्या मराठी गणिताचे एक धन आपल्या घरांत अजून शिल्लक आहे, ते टाकून देऊ नये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे ज्या आजोबांना येतात, त्यांच्याजवळ नातवाला बसवावे. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी जिभेवर असलेल्या मुलास ३.५ हा दशांश परका वाटत नाही. मोबाइलवरील पाठ आणि आजोबांचा पाढा हे एकमेकांचे वैरी नव्हेत; दोघांना एका चटईवर बसविता येते.

देवळालीचे मास्तर

महागडी साधने नसली तर गणित अडते, असे ज्यांना वाटते त्यांनी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र आठवावे. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवीत राहिले. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड एवढेच त्यांचे भांडवल. पुष्कळांनी त्यांची उपेक्षा केली. परंतु १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध आज रात्री जेवणानंतर घरात करून पाहण्यासारखा आहे. चार अंकी एखादी संख्या घ्यावी; मात्र चारही अंक सारखे नसावेत. समजा ३५२४ घेतली. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२ व लहानात लहान २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच करावे : ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आणखी एकदा : ७६४१ वजा १४६७, बाकी पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून आरंभ केला, तरी फार तर सात पावलांत ६१७४ येते आणि तेथेच मुक्काम पडतो. म्हणूनच या संख्येस कापरेकर स्थिरांक म्हणतात.

दुसऱ्या पावलात ०३७८ लिहिताना पुढचे शून्य टाकून देऊ नये, अंक चारच ठेवावेत, हे मुलांस आवर्जून सांगावे. रिकाम्या जागेलाही किंमत असते, हे तेथे त्यांना हाताने कळते. याच खेळात वजाबाकीचा सराव इतका होतो की, तीच उदाहरणे वहीत लिहून दिली असती तर मूल कंटाळून उठले असते.

किल्ल्यावरच्या लेखातूनही असेच उदाहरण काढता येईल. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर २७० हात म्हणजे ४०५ फूट आणि १८७ हात म्हणजे २८०.५ फूट. गुणाकार केला की बागेचे क्षेत्र सुमारे १,१३,६०० चौरस फूट येते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेव्हा बाग अडीच एकरांहून थोडी अधिक होती. शेतकऱ्याच्या मुलास हा हिशेब पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणाहून जवळचा वाटेल. मग त्याला विचारावे, २७० मधील शून्य कोरणारा विसरला असता तर बाग केवढी राहिली असती?

आपल्या भागाशी जोडलेले आणखी एक नाव येथे सांगण्याजोगे आहे. मुरारच्या नैर्ऋत्येस, आज शिवपुरी जिल्ह्यात असलेल्या नरवर गावी अठराव्या शतकात फादर योसेफ टीफेनथालर हे येशूसंघीय धर्मगुरू पुष्कळ वर्षे राहत होते. ते गणित व ज्योतिष जाणणारे होते. सवाई जयसिंहाच्या वेधशाळेच्या निमित्ताने ते १७४३ साली भारतात आले. पण त्याच वर्षी जयसिंहाचा अंत झाला. तरी त्यांनी आपली विद्या गुंडाळून ठेवली नाही. गावोगाव फिरून त्यांनी या देशाचे जे वर्णन लिहिले, ते गणितज्ञांच्या प्रसिद्ध घराण्यातील योहान बेर्नुली यांनी बर्लिन येथे प्रसिद्ध केले. ज्या कामासाठी आलो ते मिळाले नाही, तरी जवळच्या विद्येचा उपयोग थांबवू नये, हा धडा त्यांच्या आयुष्यातून मिळतो.

घरात काय करावे?

दार उघडे असले तरी आत पाऊल टाकण्यास कोणी हात धरावा लागतो. उपरोक्त ‘असर’ पाहणीतच दिसले की, १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु मागील आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के निघाली, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. त्याच काचेतून दोन्ही वाटा जातात. मुलाने कोणती धरावी, हे बव्हंशी घरातील वडीलधाऱ्यांच्या जवळ बसण्यावर अवलंबून आहे. म्हणून काही साधे नियम सुचवावेसे वाटतात.

मोबाइल उघडण्याआधी वही व पेन्सिल उघडी असावी. चित्रफीत पाहणे म्हणजे गणित करणे नव्हे. पोहणे पाहून कोणाला पोहता येत नाही. दहा मिनिटे पाहावे, थांबवावे, आणि तेच उदाहरण न पाहता सोडवावे.

वेळ ठरलेली असावी व थोडी असावी. रोज अर्धा तास हा महिन्यातून एकदाच्या सहा तासांहून मोलाचा आहे. मोबाइल घरात एकच असेल तर मुलीची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, म्हणजे ती भावाच्या मागे ढकलली जाणार नाही.

आईवडिलांस गणित येत नसले तरी चालेल. पाठ संपल्यावर मुलास एवढेच म्हणावे, “बाळ, आज काय शिकलास ते मला समजावून सांग.” दुसऱ्यास समजावताना स्वतःचे अडलेले मुलास आपोआप दिसते. ही शिकवणी निरक्षर आईदेखील घेऊ शकते.

आणि एकट्याने न जमल्यास मिळून करावे. रविवारच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात आठदहा मुले, एक पडदा आणि कॉलेजात शिकणारा गावचाच एखादा तरुण अगर तरुणी, एवढ्यावर गणिताचा वर्ग उभा राहू शकतो. डेटा एकाचा खर्च होतो, लाभ दहांचा होतो. २२ डिसेंबर नाताळाच्या तोंडावर येतो. त्या आठवड्यात गोठा व तारे सजवीत असतानाच मुलांसाठी कापरेकरांच्या खेळाची एक संध्याकाळ ठेवण्यास काहीच हरकत नाही.

ज्या मुलीविषयी घरात ‘हिला जमायचे नाही’ असे ठरून गेले आहे, तिच्यापासूनच आरंभ करावा. तिला पाचवीचा भागाकार पुन्हा शिकू द्यावा, चुकू द्यावे, खोडू द्यावे. महिनाभराने तिच्या वहीतील पाने मोजावीत. परीक्षेतील गुण काय येतील ते पुढे पाहता येईल. पण भरलेल्या पानांचा आकडा खोटे बोलणार नाही.